पहिलंच स्कीइंग: गुलमर्ग, औली की परदेश? बर्फ, गर्दी आणि खर्चाचा मेळ कसा घालावा?

कांजूरकर

नमस्कार मंडळी. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचा मुलगा. सह्याद्रीत भरपूर फिरतो, कळसूबाई आणि राजमाची मुलांनीही केलंय. स्की मात्र कुणीच पायात घातलेली नाही. या हिवाळ्यात शिकायचंच असं ठरलंय. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

जितक्या लोकांना विचारावं तितकी ठिकाणं पुढे येतायत. एका टूरवाल्याने 'काश्मीर सहा दिवस, स्कीइंगसह' असं पॅकेज दिलंय. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण कझाकस्तानातलं अल्माटी म्हणतात, मैत्रीण जॉर्जियाचं गुदाउरी म्हणते, सासऱ्यांचं म्हणणं उत्तराखंडात औलीला जा. नाताळात गेलो तर शाळा बुडत नाही, पण तेव्हा बर्फ असतो का? गर्दी किती? चौघांचा खर्च करून मुलं खरोखर शिकतील असं ठिकाण कोणतं? युरोप बजेटबाहेर आहे असं धरा.

ऋतुचक्र

कांजूरकर, ठिकाण नंतर बघू, आधी आठवडा ठरवा. बहुतेक जण ठिकाण पक्कं करतात, मग सुट्टी सापडेल तेव्हा जातात, आणि तिथे पोचल्यावर तपकिरी गवत बघून हळहळतात.

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली ही वादळं इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि काश्मीरच्या डोंगरांवर ओलावा रिकामा करतात. गुलमर्ग पीर पंजालच्या खोऱ्याकडच्या अंगावर आहे, त्यामुळे त्याला त्यातला भरघोस वाटा मिळतो. पण कधी मिळेल याची तारीख कुणी देऊ शकत नाही. आपल्या पावसासारखंच आहे. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून, पण २०१९ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये थेट २६ मे ला. ११ जूनला पाऊस बघायचा म्हणून कुणी सहा महिने आधी न परतवता येणारं तिकीट काढेल का?

गुलमर्गचे दोन हिवाळे आठवा. २०२३-२४ मध्ये नाताळ कोरडा गेला, जानेवारीच्या मध्यापर्यंत उतार उघडे होते आणि त्याचे फोटो सगळ्या पेपरांत आले. बर्फ आला तो महिनाअखेरीस, त्यानंतर फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे व्यवस्थित झाल्या. पुढच्या वर्षी उलट झालं. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात इतका बर्फ कोसळला की श्रीनगरची विमानं रद्द झाली. मग मोठा कोरडा काळ आला आणि फेब्रुवारीत ठरलेल्या त्याच स्पर्धा पुढे ढकलून मार्च २०२५ मध्ये घ्याव्या लागल्या. ज्यांच्याकडे सगळी यंत्रणा आहे त्यांनाही तारीख बदलावी लागते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ धरतात, त्याला चिल्लई कलान म्हणतात. नाताळ म्हणजे त्याची जेमतेम सुरुवात. तेव्हा एखादा बर्फ पडलाही, तरी खाली दबलेला थर नसतो. दगड, झुडपं वर डोकावतात आणि भाड्याच्या स्कीच्या तळाला खरचटे पडतात. महिनाभरात थरावर थर बसून दबतो आणि मग उतार एकसारखा होतो. म्हणून नवशिक्या कुटुंबाला मी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हाच काळ सुचवतो. तेव्हाही खात्री नाही, पण शक्यता कितीतरी जास्त.

आणि एक संधी लक्षात घ्या. २६ जानेवारी २०२६ सोमवारी आहे. शनिवार-रविवार जोडून अख्खी दिल्ली आणि अर्धी मुंबई गुलमर्गात असेल. ती गर्दी २६ ला दुपारपासून उतरायला लागेल. तुम्ही २६ ला संध्याकाळी वर पोचा आणि १ फेब्रुवारीच्या रविवारी परत या. शाळेचे चारच दिवस जातात, २७ ते ३०.

शिवडी_क्रॉस

२६ ला पोचायची कल्पना फार आवडली. शाळेला आत्ताच पत्र द्या, आयत्या वेळी देऊ नका. दहावीचं वर्ष नाही, तर चार दिवसांनी काही बिघडत नाही.

डोंगरमाथा

ऋतुचक्र यांच्याशी सहमत. मी गुलमर्गबद्दल लिहिते, कारण तिथे मी शिकलेय आणि पुन्हा पुन्हा जाते.

गुलमर्ग म्हटलं की सगळे गंडोला (बंद डब्यांचा रोपवे) आणि अफरवाट शिखराबद्दल बोलतात. गाव साधारण २६५० मीटरवर, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३१०० मीटर, आणि दुसरा टप्पा जवळजवळ ३९५० मीटरवर सोडतो. जगभरातले स्कीअर येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. वरचा प्रदेश बहुतांश नैसर्गिक आहे, यंत्राने सपाट केलेला नाही, आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर अफरवाटच्या उतारांवर हिमस्खलनात दगावले. पहिल्या आठवड्यात त्या टप्प्याशी तुमचा काहीही संबंध नाही. कुणी गाईड "चला, वरून उतरवतो" म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

तुम्हाला लागणार आहेत खालचे, गोल्फ कोर्सच्या बाजूचे सौम्य उतार. तिथे छोट्या ओढ-लिफ्ट आहेत. दांडा धरून उभ्याउभ्या वर जायचं आणि घसरत खाली यायचं. नवशिक्याला दोनशे मीटरचा हलका उतार पुरतो. त्यामुळे 'वर किती फूट बर्फ आहे' हा आकडा तुमच्या कामाचा नाही. विचारायचं ते "गावात, बेगिनर स्लोपवर किती आहे?" हॉटेलवाल्याला आजचा व्हिडिओ मागा, आणि त्यात त्या दिवसाची तारीख बोलून दाखवायला सांगा.

गर्दीचंही तसंच. २०२३ मध्ये गंडोलाने दहा लाखांहून जास्त लोक नेले, त्यातले बहुतेक एका दिवसासाठी बर्फ बघायला आलेले. ती रांग तुमची नाही. तुमचा त्रास वेगळा आहे: अकरानंतर बेगिनर स्लोपवर स्लेज ओढणारे आणि सेल्फीवाले भरतात. साडेनऊला उतारावर असाल तर पहिले दीड तास जागा मोकळी मिळते. तेव्हा बर्फही कडक असतो, स्की जरा जास्त सरकते, पण रेघ नीट उमटते. दुपारी उन्हाने तो लापशीसारखा होतो आणि मुलं लवकर दमतात.

आता बुटांविषयी, कारण नवशिक्यांचे पहिले दोन दिवस बुटांपायी वाया जातात. भाड्याच्या दुकानात घाई करू नका. एकच पातळ लांब मोजा घाला, दोन नाहीत. बूट घालून टाच मागे आपटा, मग बकल लावा. उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकायला हवीत, आणि गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरून मोकळी व्हायला हवीत. नडगी बुटाच्या जिभेवर घट्ट बसली पाहिजे. टाच वर उचलून बघा, उचलली गेली तर बूट मोठा आहे. मग स्कीच्या कडेवर नखाची पाठ हलकेच फिरवा, नख जरा खरवडलं गेलं तर धार आहे. शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुकानदाराने प्रत्येकाचं वजन विचारून बाईंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) स्क्रू फिरवला पाहिजे. पडल्यावर स्की पायातून सुटते की गुडघा मुरगळते, हे त्या आकड्यावर ठरतं. वजन न विचारता स्की हातात देणाऱ्याकडून घेऊ नका, शेजारच्या दुकानात जा.

कांजूरकर

डोंगरमाथा ताई, बुटांचा परिच्छेद उतरवून घेतला. टूरवाल्याच्या पॅकेजबद्दल काय वाटतं? पत्रकावर पहिलंच चित्र स्कीइंगचं आहे.

डोंगरमाथा

पत्रकात तासांचा हिशोब कुठे आहे ते बघा. 'काश्मीर सहा दिवस' म्हणजे साधारणपणे श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग आणि गुलमर्गचा एक दिवस. त्या एका दिवसात गंडोला, जेवण आणि दोन तास स्की. चौघांना दोन तासांत बूट घालून उभं राहता येईल, इतकंच. मी किंमत बघताना एकूण रकमेला उतारावरच्या तासांनी भागते. त्या गणितात स्वस्त पॅकेज फार महाग पडतं.

शिकायचं असेल तर मुक्काम गुलमर्गातच हवा. खाली टनमर्गला खोल्या स्वस्त मिळतात, पण मधले तेरा किलोमीटर बर्फात साखळी लावलेल्या गाडीने रोज चढायचे. ज्या दिवशी रात्रभर बर्फ पडतो, म्हणजे ज्या सकाळसाठी तुम्ही आलात, त्याच सकाळी रस्ता साफ व्हायला दुपार होते. तिथे वाचवलेला पैसा असा जातो.

इन्स्ट्रक्टर चौघांत एक नको. मुलांना एक, तुम्हा दोघांना एक. रोजचा दर, किती तास, लिफ्टचा पास कोणाचा, हे आदल्या दिवशी बोलून घ्या. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे तिथे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग. त्यांचे अभ्यासक्रम कमी खर्चात होतात, पण तारखा आणि वयाची अट तुम्हाला जुळते का ते आधी बघा.

पार्लेकर

सासऱ्यांच्या वतीने औलीची बाजू मांडतो, कारण माझं त्या जागेवर प्रेम आहे. उतारावर उभं राहिलं की समोर नंदादेवी, ७८१६ मीटर. देवदारांतून जाणारा रुंद, एकसंध उतार नवशिक्यांना गुलमर्गापेक्षाही सोपा वाटतो. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स आहेत, राहणं-खाणं-साहित्य धरून. तरुण मुलांना याच्याइतकं पैसा वसूल दुसरीकडे सापडायचं नाही.

पण तुम्हाला आत्ता जा असं मी म्हणणार नाही. औली अडीच ते तीन हजार मीटरवर आहे, गुलमर्गच्या दक्षिणेला, आणि अलीकडे बर्फ फार बेभरवशाचा झालाय. फेब्रुवारी २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी बर्फ बनवणारी यंत्रं आणली होती, पण यंत्राला हवा कोरडी आणि शून्याच्या चांगली दोन-तीन अंश खाली लागते. जिथे रात्रीच तेवढी थंडी पडत नाही तिथे यंत्र काय करणार? त्यात जोशीमठची जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये रोपवे बंद झाला. वर गाडीनेच जायचं. ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटर डोंगरी रस्ता, दोन मुलं, आणि वर बर्फ नसला तर जवळ दुसरा पर्याय नाही. गुलमर्गात निदान कोंगडोरीला जाता येतं.

मनालीत अटलजींच्या नावाची गिर्यारोहण संस्था सोलंगला कोर्स घेते, तेही चांगले. बाकी सोलंगच्या वीकेंडच्या गर्दीत मुलांना शिकवणं मला जमेल असं वाटत नाही.

अनघा_दादर

परदेशातल्या दोन्ही ठिकाणी जाऊन आलेय, त्यामुळे लिहितेच.

अल्माटीचं शिंबुलाक. भारतीय पासपोर्टला चौदा दिवस व्हिसा लागत नाही, हा चौघांच्या खर्चात मोठा फरक. शहरात राहायचं, बसने मेदेऊला जायचं, तिथून गंडोलाने साडेचार किलोमीटर वर. तळ सुमारे २२६० मीटर, माथा ३२०० च्या आसपास. उतार रोज यंत्राने दाबून कंगव्यासारखे रेघाळ करतात, आणि थंडी इतकी असते की बनवलेला बर्फ टिकतो. शनिवार-रविवारी मात्र सगळं शहर वर असतं. सोमवार ते गुरुवार जा, लिफ्टला रांग दिसत नाही. शहरात मुक्काम असल्याने हॉटेल, जेवण माफक. बाजू उणी एकच: इन्स्ट्रक्टर बहुतेक रशियन बोलतात, मुलांसाठी इंग्रजी बोलणारा आधी सांगून ठेवावा लागतो.

गुदाउरी. तिबिलिसीपासून साधारण १२० किलोमीटर, सुमारे २००० ते ३२७० मीटर. उघडा, रुंद डोंगर, झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे नवशिक्याला भीती कमी. लिफ्ट आधुनिक आहेत आणि युरोपच्या मानाने दर बरेच कमी. पण उतार मुख्यतः दक्षिणेकडे तोंड करून आहेत. मार्चमध्ये दुपारी बर्फ जड होतो. झाडं नसल्याने वारा आणि धुकं आलं की समोरचा माणूस दिसत नाही, लिफ्ट बंद होतात. गर्दी १ ते ८ जानेवारी, कारण रशियात तेव्हा सलग सुट्टी असते. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीच्या मध्यानंतर शांत. वैध शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक), अमेरिकी किंवा ब्रिटिश व्हिसा असेल तर जॉर्जियाचा वेगळा काढावा लागत नाही, नाहीतर ई-व्हिसा.

एक गोष्ट तळमळीने सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये गुदाउरीत एका भारतीय रेस्टॉरंटच्या वरच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साईडने बारा माणसं गेली, त्यातली अकरा आपली. बंद जागेत जनरेटर चालवला होता. काश्मीर असो की जॉर्जिया, खोलीत गॅस हीटर किंवा कोळशाची बुखारी लावून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. इलेक्ट्रिक ब्लँकेट मागा. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साईड अलार्म ऑनलाइन मिळतो, बॅगेत टाका.

दुसरा_डबा

युरोप बजेटबाहेर असं ठरवून टाकू नका, इतकंच सुचवतो. भाव चढतात ते नाताळ-नववर्षात आणि फेब्रुवारीत, जेव्हा फ्रान्स-ब्रिटनच्या शाळांना सुट्टी असते. १० जानेवारी ते महिनाअखेर तीच खोली बरीच स्वस्त मिळते, बर्फ भरपूर, लिफ्ट रिकाम्या. बल्गेरियातलं बान्स्को बघा.

अनघा_दादर

जानेवारीबद्दल बरोबर. पण शेंगेनची फी मोठ्यांना ९० युरो, वर अपॉइंटमेंटची धावपळ, विमान बदलून जाणं. आणि बान्स्कोत गावातून वर नेणारा मुख्य गंडोला एकच, सकाळी त्याला लांब रांग लागते. पहिल्यांदा शिकणाऱ्या चौघांसाठी हा घाट नको असं माझं स्पष्ट मत. लेकीला गोडी लागली, तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात लांबचे उतार हवेसे वाटले, की मग युरोप, जपान.

ऋतुचक्र

अनघाताईंना दुजोरा. जपानच्या होक्काइडोत सायबेरियाचा गार वारा समुद्रावरून ओलावा उचलून आणतो, त्यामुळे निसेकोसारख्या हजार-तेराशे मीटरच्या डोंगरावरही जानेवारीभर भुसभुशीत बर्फ पडत राहतो. बर्फाच्या भरवशात त्याला तोड नाही. पण खोल भुसभुशीत बर्फ नवशिक्याच्या उपयोगाचा नसतो, त्यात स्की वळत नाही. ज्याचा उपयोग नाही त्याचे पैसे कशाला मोजायचे?

कांजूरकर

दोन शंका. नाताळच करावा लागला तर काय? आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर घरात काश्मीर म्हटलं की सासूबाई गप्प होतात. डोंबिवलीत आमचे नातेवाईक राहतात, एप्रिल २०२५ त्यांनी फार जवळून पाहिलंय.

पार्लेकर

सासूबाईंच्या गप्प होण्याला मान द्या. गुलमर्ग चालू आहे, माणसं जातायत, गुलमर्गची माणसं पाहुण्यांची वाट बघतायत. पण ज्या सहलीत घरी कुणीतरी रोज फोनची वाट बघत बसणार ती सहल लादू नये. तुमच्यासाठी तिथेच अल्माटीचं पारडं जड होतं.

ऋतुचक्र

नाताळच असेल तर नैसर्गिक बर्फावर विसंबलेलं ठिकाण नको. उंचावरचं आणि बर्फ बनवणारं हवं, म्हणजे शिंबुलाक. ३१ डिसेंबरच्या आत परत या. आणि ते जमलं नाही तर दुबईचं स्की दुबई आहेच. मॉलमधला बंदिस्त उतार, सर्वांत लांब धाव ४०० मीटर, बर्फ बाराही महिने सारखा, मुंबईहून तीन तासांचं विमान. डोंगराची मजा त्यात नाही. पण थांबणं, वळणं, लिफ्टवर चढणं एवढं मुलं तिथे शिकतात, आणि मग डोंगरावरचा पहिला दिवस वाचतो.

शिवडी_क्रॉस

विम्याचं राहिलं. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात. पॉलिसीत 'विंटर स्पोर्ट्स' शब्द लिहून घ्या, आणि बर्फावरून खाली आणण्याचा खर्च धरलाय का ते विचारा. आजपासून चौघांनी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचा सराव करा. ट्रेकने दम वाढतो, मांड्यांना ही सवय नसते.

कांजूरकर

घरी बसून बोललो. नाताळ रद्द, २६ जानेवारीचा आठवडा पक्का. सासूबाईंशी मोकळं बोलले, त्यांच्या मनात धाकधूक आहेच, म्हणून यंदा अल्माटी. सोमवारी पोचायचं, मंगळवार ते शुक्रवार रोज वर, आठवड्याच्या शेवटी शहर बघायचं. पॅकेज नाकारलं. गुलमर्ग पुढच्या वर्षी, आणि तेव्हा मुक्काम वरच.

शेवटचा प्रश्न: हेल्मेट इथून न्यायचं की तिथे भाड्याने? मुलाचं डोकं लहान आहे.

अनघा_दादर

तिथे मिळतं, लहान मापातही. पण मुलाचं इथून घ्या. कपाळावर, भुवयांच्या जरा वरून, टेप फिरवून माप घ्या. पट्टा न लावता डोकं जोरात हलवलं तरी हेल्मेट जागचं हलता कामा नये. सायकलचं चालणार नाही. गॉगलही सोबत नेऊनच लावून बघा, हेल्मेट आणि गॉगल यांच्यामध्ये कपाळाची फट राहिली तर तिथे वारा लागून दुखतं. इंग्रजी बोलणारा इन्स्ट्रक्टर डिसेंबरातच बुक करा, जानेवारीअखेरीस ते मोजकेच मोकळे असतात.